दुधनीच्या वर्गात उसवलेला स्वेटर

"साहेबांना शब्दांतच गुंडाळतो की नाही बघ! जानेवारीत मी सिल्वासात!" अनंत सरांनी नलिनीबाईंना ठणकावून सांगितलं.

नव्वद सालचा डिसेंबर. सर दुधनीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, बाई सिल्वासात, संसार शनिवार-रविवारचा. सरांचा बदलीचा अर्ज शिक्षणाधिकारी साहेबांच्या टेबलावर, आणि साहेब तपासणीला यायचे होते. त्यांना म्हणे शब्दांच्या जन्मकथांचं भारी वेड!

"तुझा स्वेटर नेतोय. लोकरीचे शब्द शिकवणार."

"अख्खी दिवाळीची सुट्टी विणत होते मी! धागा ओढलात तर याद राखा."

तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर सरांनी वर्गाच्या भिंतीच्या खिळ्यांवर स्वेटर ताणून बसवला. "विलायतेत ओलं लोकरी कापड असंच आकड्यांवर ताणून वाळवायचे. ते टेंटरहुक्स! म्हणून जीव टांगणीला लागला की माणूस टेंटरहुक्सवर." साहेबांनी मान डोलावली. सरांना चेव आला. "आता वूलगॅदरिंग! मेंढ्यांची लोकर काटेरी झुडपांना अडकायची. गोरगरीब ती वेचत रानोमाळ भटकायचे. तसं मन भटकायला लागलं, की..."

एक धागा खिळ्याला अडकला होता. सोडवायला म्हणून सरांनी तो ओढला आणि नजर खिडकीबाहेर गेली. मधुबन धरणाचं पाणी धुक्याच्या दुलईत झोपलेलं. एक होडी, बहुतेक सिल्वासाच्याच दिशेला निघालेली. धागा मऊ मऊ येत होता... दोन खोल्या, दारात जाई, नलिनी चहा गाळतेय, रोज, अगदी मंगळवारीसुद्धा...

"ओ सर!" शाळेचे हेडमास्तर, मूळचे खानदेशचे सुकदेवराव कुजबुजले, "बाही गेली ना भो!"

"जाऊ दे गं," सर गोड हसले आणि ओढत राहिले.

भानावर आले तेव्हा भिंतीवर नुसते खिळे! पायाशी मेंढी बसावी तसा लोकरीचा ढीग. बदली गेली! स्वेटर गेला! बहुतेक नलिनीही!

साहेब सावकाश उठले. डोळ्यांत पाणी.

"बहु सरस, मास्तर! अर्थ सगळेच सांगतात. भान हरपून करून कोण दाखवतं? तेही घरचा स्वेटर खर्चून!"

"मग साहेब... बदली?"

"बदली? असा शिक्षक दुधनीतून हलवला तर पाप लागेल मला!"

शनिवारी नलिनीबाईंनी ढीग पाहिला, हकिकत ऐकली आणि सुया काढल्या.

"या खेपेला दुहेरी धाग्याने विणते," त्या म्हणाल्या. "पुढच्या साहेबांपुढे निदान तास संपेपर्यंत तरी पुरायला हवा."