नजरेनं बेतलेला कोट

धाकट्या मास्तरांच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मास्तर तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. डोक्यावर मोजून अकरा केस उरले होते, एका फटक्यात दोन नातवंडांचे आजोबा झाले होते, तरी सगळं गाव त्यांना 'धाकटे मास्तर'च म्हणत होतं! कारण थोरले मास्तर, म्हणजे त्यांचे वडील, अजून रोज सकाळी दुकानात दारासमोर खुर्ची टाकून बसत. ते तिथे बसलेले असेपर्यंत दुसऱ्या कुणाला थोरलं होता येईल, ही गोष्ट कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नव्हती.

थोरले मास्तर कोट शिवत. पन्नास वर्षं शिवले. आणि पन्नास वर्षांत त्यांनी एकदाही टेप हातात धरली नाही! गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचे, "थांबा, तिथेच थांबा." डोळे बारीक करून एकदा बघायचे. मग उठून पुढे जायचे, "या, या!" म्हणत त्याच्या पाठीवर एक थाप मारायचे आणि सांगायचे, "पुढच्या शुक्रवारी या." संपलं! ट्रायल नाही, काही नाही. शुक्रवारी कोट असा बसायचा, की माणूस कोटासकटच जन्माला आला असावा. सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाची पँट त्यांनी तो वळणापर्यंत पोचायच्या आत मनातल्या मनात बेतली होती, असंही लोक सांगत.

आणि धाकटे मास्तर? ते माप तीनदा घेत. वहीत लिहून ठेवत. मग चौथ्यांदा घेत. एवढं करून कापड कापायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करत, "कंबर तीच आहे ना अजून?" एकदा एक वकील वैतागून म्हणाले, "अहो, माप घेताय की पंचनामा करताय?" त्यांचे कोट वाईट नसत. बसत. पण कोट बसला म्हणून कुणी गावभर सांगत सुटत नसे.

याचंही त्यांना एवढं वाटलं नसतं. त्यांच्या मनात सलत होती ती दुसरीच गोष्ट. थोरल्या मास्तरांची ती थाप! ती वकिलाला मिळाली, पोस्टमनला मिळाली, चुकून पत्ता विचारायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा मिळाली. मुलाला मात्र आयुष्यात एकदाही नाही. लग्नाच्या दिवशी वडील आलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर थापा मारत फिरत होते. व्याह्यांना मारली, बँडवाल्याला मारली. नवरदेवाची पाळी आली, तेव्हा त्यांनी त्याची कॉलर सरळ केली आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले. नवरदेवानं पाठ जरा पुढे केलेली होती, ती तशीच राहिली. त्या दिवसाच्या फोटोत धाकटे मास्तर थोडे वाकलेले दिसतात ते त्यामुळे.

तर त्या वर्षी थोरल्या मास्तरांना ऐंशी पूर्ण झाली. गावातल्या टेलर लोकांच्या संघटनेनं ठरवलं, की त्यांचा सत्कार करायचा आणि पितळी कात्री द्यायची. अध्यक्ष आमंत्रण घेऊन दुकानात आले, चहा झाला आणि सहज म्हणाले, "सत्काराला नवा कोट हवा बरं का! कोण शिवणार?"

"मी!" धाकटे मास्तर म्हणाले. तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण अंगात काय संचारलं कोण जाणे. "आणि टेप न लावता! नजरेनं! ट्रायल नाही, काही नाही!"

कोपऱ्यात काजवाला बसलेला होता. चाळीस वर्षं तो त्या दुकानात काजं करत होता आणि चाळीस वर्षं टोमणे मारत होता. त्यानं सुईतला दोरा दातांनी तोडला.

"धाकटे मास्तर, नजरेनं काज तरी करून दाखवा आधी!"

"तू तुझं काज बघ!"

थोरल्या मास्तरांनी मुलाकडे बघितलं आणि मग त्याच्या मागच्या दाराकडे. "बरं," एवढंच म्हणाले. मग आवाज चढवून, "आणि दारातली ती छत्री काढ आधी! किती वेळा सांगितलं, तिथे काही टांगू नको म्हणून!"

झालं! बोलून तर बसले, पण दुपारपर्यंत मास्तरांनी एकच बाही दोनदा उलटी शिवली. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती जुळ्यांसाठी झबली शिवत होती, तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून म्हणाली, "अहो, पण एवढी हौस कशाला? मामंजींना काय तुमची परीक्षा घ्यायचीय?"

"त्यांना घ्यायची नसेल. मला द्यायचीय ना!"

तिनं नुसतं बघितलं आणि टाचण्या परत तोंडात धरल्या. लग्नाला तीस वर्षं झाली की बायकांना टाचण्यांचा हा उपयोग कळतो.

तरी सावधगिरी म्हणून मास्तरांनी ठरवलं, की गुपचूप एकदा माप घेऊन बघावं. दुपारी वडील आरामखुर्चीत घोरत होते. मास्तर मांजराच्या पावलांनी गेले आणि टेप खांद्याला लावली. एक डोळा उघडला.

"कशाची मापं घेतोयस?"

"नाही... ते... धूळ झटकत होतो."

"अजून जिवंत आहे मी! फार घाई असेल तर तसं सांग." डोळा मिटला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना वेगळी युक्ती सुचली. मिठी मारायची! हाताच्या कवेत छाती किती येते ते कळलं, की काम झालं. आता अडचण एवढीच होती, की त्यांच्या घरात मुलगा वडिलांना मिठी मारत नसे. तरी मास्तर सकाळी वडिलांसमोर गेले, "बाबा!" म्हणाले आणि मारली! थोरले मास्तर इस्त्रीच्या टेबलासारखे ताठ उभे राहिले. मास्तरांचे हात पाठीमागे गेले, एकमेकांना भेटले आणि भेटून वीतभर पुढे गेले. मास्तर चमकले. मनात म्हणाले, आपलं काहीतरी चुकतंय. पुन्हा एकदा घट्ट धरलं. पुन्हा तेच.

"काय हवंय?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही."

"मग सोड."

संध्याकाळी थोरल्या मास्तरांनी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "याची तब्येत बरी आहे ना? डॉक्टरला दाखव एकदा."

मास्तर मात्र पेचात पडले. हात सांगत होते, छाती छत्तीस. नजर सांगत होती, बेचाळीस! त्यांनी दुकानाच्या टोकाला उभं राहून वडिलांकडे पुन्हा बघितलं. हेच ते खांदे! लहानपणी त्यांच्या मागे उभं राहिलं की पुढचं अख्खं दुकान दिसेनासं व्हायचं. छत्तीस कसे असतील? हातांना काय कळतंय! मास्तरांनी टेबलावर कापड अंथरलं, खडू घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा वही न उघडता रेघ ओढली. बाही, खांदा, पाठ, सगळं एका दमात बेतलं. असं सुख त्यांना पूर्वी कधी मिळालं नव्हतं. काज करताना काजवाल्यानं कोट उचलून धरला, त्याच्याकडे बघितलं, थोरल्या मास्तरांकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मास्तरांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

सत्कार रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये होता. हॉल भरलेला. आणि भरलेला कुणी? टेलर लोकांनी! साध्या माणसांसमोर कोट बिघडला तर माणूस निभावून नेतो. इथे दोनशे जण असे बसले होते, की त्यांच्या नजरेतून अर्धं सूत सुटत नाही.

पडद्यामागे मास्तरांनी वडिलांना कोट घातला. घातला म्हणजे काय, वडील कोटात गेले! वर मान दिसत होती आणि खाली बूट. हातांचा पत्ताच नव्हता.

"बाबा, जरा ताठ उभे राहा ना!"

"ताठच आहे मी."

तेवढ्यात पडदा उघडला! थोरले मास्तर चालत पुढे आले. कोट त्यांच्या अर्धं पाऊल मागून येत होता. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "खांदा चार बोटं उतरलाय."

"चार कसला! पाच!"

"बाही बघा, बाही! आठ बोटं लांब!"

अध्यक्षांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. समोर नुसती बाही. "मास्तर, हात?"

"आहे, येतोय," आतून उत्तर आलं.

अध्यक्षांनी घाईघाईनं पितळी कात्री बाहीच्या तोंडाशी धरली. ती आत गेली, घरंगळत कोपरापर्यंत पोचली आणि तिथून कुठे गेली कुणालाच कळलं नाही! फोटोवाला ओरडला, "मास्तर, जरा कोटाच्या बाहेर या!" झालं, हॉल फुटला! दोनशे टेलर पोट धरून हसत होते. धाकटे मास्तर पडद्याला धरून उभे होते. जमीन दुभंगण्याची वाट बघत होते, पण शाळेची फरशी पक्की होती.

थोरले मास्तर माइकसमोर उभे राहिले. हसू थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "कोट माझ्या मुलानं शिवलाय." आणि खाली बसले. एवढंच भाषण.

दुपारी दुकान उघडलं. मास्तर खालमानेनं म्हणाले, "काढा बाबा तो. उसवून टाकतो."

वडिलांनी कोट काढला नाही. ते म्हणाले, "टेप आण."

काजवाल्याच्या हातातली सुई पडली! थोरले मास्तर टेप मागतायत! मास्तरांनी टेप दिली. वडिलांनी अंगातल्या कोटालाच टेप लावायला सुरुवात केली, आणि मोठ्यानं वाचत गेले, "खांदा अठरा. छाती बेचाळीस. बाही पंचवीस. लांबी तीस." मग मुलाकडे बघितलं.

"मी पन्नाशीचा असताना स्वतःसाठी शेवटचा कोट शिवला होता. आठवतो?"

"राखाडी."

"त्याचं हेच माप होतं. सुताचा फरक नाही." त्यांनी टेप गुंडाळली. "तीस वर्षांपूर्वीचा मी शिवलास तू."

मास्तर म्हणाले, "तुमच्यासारखी नजर नाही मला."

थोरले मास्तर हसायला लागले. एवढे हसले, की कोटात कुठेतरी अडकलेली पितळी कात्री खणकन खाली पडली!

"नजर? अरे, मला तरी कुठे होती? दाराकडे बघ!"

मास्तरांनी वळून बघितलं. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत खिळे होते. एका खिळ्यावर छत्री होती, एकावर टेप, एकावर पिशवी, एकावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तीस वर्षं मास्तर त्यांच्यावर वस्तू टांगत आले होते.

"दोन-दोन बोटांवर ठोकलेत. माणूस दारात उभा राहिला, की खांदा कुठल्या खिळ्याला येतो ते बघायचं. म्हणून तर ओरडायचो, छत्री टांगू नको!"

"आणि छाती?"

"पाठीवर थाप मारायचो ना? थाप कसली! वीत होती ती. पाठ किती विती भरते ते कळलं, की छाती कळते."

"आणि तो सायकलवाला?"

"तो आदल्याच दिवशी दुकानात येऊन गेला होता!"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. एक गोष्ट विचारायची होती, पण छप्पन्न वर्षांचा माणूस कसं विचारणार? तरी विचारलंच.

"मला कधी मारली नाहीत."

"तुझं कशाला माप घेऊ? जन्मल्यापासून बघतोय." वडील बाह्या सावरत मागे आले आणि बोलले, "खिळे न बघता, वीत न लावता तू माणूस शिवलास. मला नसतं जमलं." आणि त्यांचा हात पाठीवर पडला. एकदा पडला, तिथून जरा सरकला आणि पुन्हा एकदा पडला. थाप होती की वीत, हे मास्तरांनी विचारलं नाही.

काजवाल्याला राहवलं नाही. "पण थोरले मास्तर, कोट फार ढगळ झालाय हो! बारीक करायला नको?"

"हात लावायचा नाही कुणी! वाढत्या अंगाचा शिवलाय असं समज."

तो कोट त्यांनी अख्खी थंडी घातला. धाकट्या मास्तरांनी दारातली छत्री काढली, खिळे पुसले, आणि गिऱ्हाईक आलं की तेही म्हणू लागले, "थांबा, तिथेच थांबा." मग टेप घेऊन तीनदा माप घेतात, ती गोष्ट वेगळी.

जुळी रांगायला लागली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेदहाला, दुकानातल्या खुर्चीवर, तो कोट अंगात असताना थोरले मास्तर वारले. वय ऐंशी वर्षं चार महिने.