चौदाव्या रांगेतले बाबा

विमानात सीट निवडायचे वेगळे पैसे पडतात हे कळल्यावर बाबा मोबाईलवरच खेकसले, "बसायचे पैसे घेतलेत ना? मग आता टेकायचे वेगळे?" आणि चेक-इनचं काम माझ्याकडे ढकलून मोकळे झाले. घरातला सगळ्यात आगाऊ माणूस त्यांनी स्वतः निवडला, यात माझी काय चूक?

बाबा गणिताचे क्लास घेतात. लोकांची पोरं त्यांच्याकडे शिकून पुढे जातात, मी त्यांच्या घरात राहून मागे येतो. पण खरा छळ प्रवासात. बाबा शेजारी बसले की चाक फिरायच्या आत गणित सुरू. एकदा आम्ही लिफ्टमध्ये अडकलो, तर म्हणाले, "समजा, आत इतकी हवा आहे आणि इतकी माणसं..." आईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला म्हणून वाचलो.

आता जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार, आणि तिथेही गणित? हॅट!

मागे चार सीटा शेजारी शेजारी फुकट होत्या. मी त्या पाहिल्या. नीट पाहिल्या. आणि आई आणि आमचं शेंडेफळ (वय आठ, जीभ अठ्ठावीस) यांना सहाव्या रांगेत टाकलं, बाबांना चौदाव्या, आणि मी शेवटच्या रांगेत, खिडकीला.

"सिस्टीमने दिल्या," मी सांगितलं. सिस्टीम बिचारी काय बोलणार!

विमानात शिरून पट्टा लावला, खिडकीला नाक चिकटवलं आणि राजासारखा बसलो. तर बाबा हजर! माझ्या शेजारच्या मिशीवाल्या काकांना म्हणतायत, "जरा चौदावर बसाल का? मुलगा एकटा आहे हो, पहिलंच विमान. घाबरेल."

काका भले माणूस. लगेच पट्टा काढायला लागले.

मी त्यांच्या कानात म्हटलं, "काका, उठू नका. पाया पडतो. बाबांना विमानात उलट्या होतात. शेजारच्याचं काही खरं नसतं."

"पण तुमचं पहिलंच विमान ना रे?" काकांनी विचारलं.

"बाबांचं नाही," मी म्हटलं. "मागच्या वेळी तर पुढच्या माणसाचं टक्कल..." (इथे थांबायला हवं होतं. पण सुचलं की मला थांबताच येत नाही.)

काकांनी पट्टा परत लावला. "माफ करा, मला इथेच बरं वाटतं."

बाबा तोंड पाडून गेले. मी जिंकलो!

पण काका नको तितके भले निघाले. त्यांनी एअर होस्टेसला बोलावलं. "ताई, चौदा नंबरवाल्यांकडे लक्ष असू द्या. त्यांना फार होतं म्हणे. मागच्या वेळी कुणाचं तरी टक्कल..." पुढच्या रांगेतल्या आजींनी ऐकलं. आजींनी त्यांच्या पुढच्यांना सांगितलं. टक्कल माझ्या डोळ्यांदेखत रांगा ओलांडत पुढे गेलं, आणि चौदापर्यंत पोचेस्तोवर दोन टकलं झाली होती.

बाबांच्या डावी-उजवीकडचे दोघं ताडकन उठले. पलीकडच्या बाजूचा एक सुटाबुटातलाही उठला. "आम्हाला दुसरी सीट द्या!"

"विमान फुल आहे हो," एअर होस्टेस म्हणाली. "यांच्या घरचं कुणी आहे का?"

मिशीवाल्या काकांनी माझ्याकडे बोट नाही, अख्खा हात दाखवला.

पाच मिनिटांत आमचं कुटुंब एकत्र. शेंडेफळ खिडकीला, मी मधे कोंबलेला, बाबा माझ्या बाजूला, आणि पलीकडे आई, "बघा, देवाला काळजी!" म्हणत. माझ्या खिडकीत सुटाबुटातला बसला. एअर होस्टेसने बाबांच्या हातात कागदी पिशव्यांचा गठ्ठा दिला. "लाजू नका हं, सर."

बाबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मला उलट्या होतात?"

"बाबा, ते..."

"कुणाला सांगितलंस?"

"फक्त काकांना. आईशप्पथ!"

मी गाल सांभाळून बसलो. पण बाबा चिडले नाहीत. त्यांचे डोळे चमकले. त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

"समजा," बाबा म्हणाले, "एकाने दोघांना थाप मारली. त्या प्रत्येकाने आणखी नवीन दोघांना. अशा पाच फेऱ्या झाल्या. तर तो पहिला गाढव धरून थाप एकूण किती जणांना माहीत?"

विमान धावायला लागलं. मी बोटं मोजली. बोटं संपली.

"सगळ्यांना," मी म्हटलं.

"आकडा!"

"बत्तीस?"

"त्रेसष्ट," शेंडेफळ म्हणालं. खिडकीवरचं नाकसुद्धा न काढता.

आम्ही वर गेल्यावर एअर होस्टेस पाणी घेऊन आली. माझा उतरलेला चेहरा बघून तिला कळवळा आला. "अरेरे! सर, हासुद्धा तुमच्यावरच गेलाय का?"

बाबांनी पिशव्यांचा अख्खा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"नाही हो," ते म्हणाले. "तेच तर दुःख आहे."