आप्पा मिस्त्रींचा समुद्र

दर रविवारी सकाळी आप्पा मिस्त्री लक्ष्मीपुरीच्या बाजारात जायचे, सुक्या मासळीच्या ओळीत मधोमध उभे राहायचे आणि जोरजोरात श्वास घ्यायचे. हातात पिशवी नसायची, घ्यायचं काहीच नसायचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घराण्यात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही, आणि हे गृहस्थ बोंबील-सुकटीच्या ढिगासमोर प्राणायाम करत उभे!

एकदा एका मासळीवालीनं विचारलंच, "ओ पावणं, घ्याचं न्हाय तर वास कशाला फुकट घेतासा?"

"सवय करतूय," मिस्त्री म्हणाले. "रिटायर झाल्यावर समुद्रावर ऱ्हायाला जाणार हाय."

"मग तिकडं जाऊन घ्या की वास!"

"आनि तिकडं गेल्यावर न्हाय सोसला तर? घर मोडून गेलेलो असनार, परत कुटं येऊ?"

मी पलीकडच्याच गाड्यावर बटाटे निवडत होते. ओळख निघू नये म्हणून मी पदर डोक्यावरून पुढं ओढला, तरी मिस्त्रींनी पाहिलंच. "बाई, तुमी बी या हिकडं. बगा तरी काय वास हाय!" असं त्यांनी भर बाजारात ओरडून सांगितलं. मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या तीन विद्यार्थिनींच्या आया त्या बाजारात होत्या.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मिस्त्रींचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. ते उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न-मेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी करायचा. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून तो नमुना मुळातच जरासा मोठा करतात, आणि त्यासाठी या लोकांची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट आपल्या फुटापेक्षा किंचित लांब. या जादा मापाला ते 'श्रिंकेज' म्हणत, आणि मिस्त्रींनी ते फौंड्रीतून घरी आणून सगळ्या आयुष्याला लावलं होतं. एस.टी. नऊची असली की आठला स्टँडवर. चौघं पाहुणे येणार असले की सहांचा स्वयंपाक. गल्लीतल्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की मुलाच्या पगाराचा आकडा ऐकून हे विचारणार, "श्रिंकेज धरलंय काय?" मुलीच्या बापाचं तोंड तिथंच उतरायचं.

माझ्या कोनाड्यात बसवायला त्यांनी मोठ्या प्रेमानं सागवानी फळी करून आणली. फळी कोनाड्यात शिरेना. मिस्त्रींनी कोनाडा माझ्या फूटपट्टीनं मोजला आणि फळी सवयीनं आपल्याच पट्टीनं कापली होती. चूक कबूल करतील तर ते मिस्त्री कसले? दोन पावलं मागं सरून त्यांनी भिंतीकडं संशयानं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, भित आकसलीया तुमची."

घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं. गौराक्का त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच आणि दुप्पट तिखट. दोघंही सीमेकडची. भांडण कानडीत व्हायचं, म्हणजे गल्लीला कळू नये. पण दोघांचे आवाज असे की अर्थाची गरज पडायची नाही. अलीकडं गौराक्कांच्या हाताची बोटं सांध्यात सुजून वाकडी व्हायला लागली होती. थंडीत तर त्यांना लुगड्याची गाठ मारता येत नसे. भाकरी थापताना एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटकी व्हायची. मिस्त्री ती भाकरी हातात उचलून मला दाखवायचे. "बाई, तुमी भूगोल शिकवतासा काय? ह्यो कुठला देस हाय सांगा बगू." गौराक्का उलथनं उगारायच्या, आणि ते त्यांच्या हातून निसटून पडायचं.

समुद्राचं खूळ त्यांच्या डोक्यात परबानं भरलं. परब त्यांच्याच फौंड्रीत होता, वेंगुर्ल्याकडचा. काम कमी व्हायला लागल्यावर तो शहाण्यासारखा गावी निघून गेला. त्याच्या चुलत्याचं घर समुद्राजवळ रिकामं पडलं होतं. अनामत ठेवा, नारळ सांभाळा आणि राहा, असं त्यानं मिस्त्रींना सुचवलं. झालं! त्या दिवसापासून जावं की न जावं याचा काथ्याकूट रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर सुरू झाला, आणि तो काही वर्षं चालला. दमट हवेची सवय व्हावी म्हणून मिस्त्री मे महिन्यात न्हाणीघराचं दार लावून उकळत्या पाण्याच्या बादलीशेजारी बसायचे. मी म्हटलं, "अहो, जन्म भट्टीशेजारी गेला तुमचा, उकाड्याला काय भिता?" तर म्हणाले, "ती कोरडी उष्णता, बाई. ही वली. वली मानसाला आतनं मऊ करती." कोकणातला कुणी माणूस गल्लीत आला की त्याला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा, "तुमच्यात ज्वारी टिकती काय? का किडा लागतूय?" भातावर दिवस काढावे लागतील या विचारानं मिस्त्रींचा चेहरा सुतक असल्यासारखा व्हायचा.

गौराक्कांचा निकाल केव्हाच लागला होता. "मी न्हाय येनार. तितं मेले तर विधी कराया जंगम कुटनं आनशीला? ह्येंच्या हौसंपायी मी मासं खानाऱ्यांच्यात मरू व्हय?"

"हौस म्हन, कायबी म्हन," मिस्त्री म्हणायचे. "मला हवा सोसत न्हाय हितली."

मला मिस्त्रींचा खरंच संताप यायचा. बायकोला धड पेला धरता येत नाही आणि या माणसाला म्हातारपणी समुद्राची हवा खायची आहे! मी एकदा तोंडावर म्हणाले, "आप्पा, त्यांच्या जिवाचाही जरा विचार करा." त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि घरात निघून गेले.

ते दिवसच कडू होते. उद्यमनगरातून जाताना पूर्वी कान बधिर व्हायचे, आता एखादी कोकिळासुद्धा ऐकू यायची. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. बँकेतलं व्याज दरवर्षी खाली येत होतं. गल्लीत कुणी कुणाला पेढे देईना. अशात एका सकाळी आमच्या भागातल्या पतसंस्थेचं शटर उघडलंच नाही. मिस्त्रींची सगळी पुंजी तिथं, माझीही थोडी. चेअरमनच्या वाढदिवसाचा फलक मात्र चौकात पुढं महिनाभर दात काढून हसत होता. त्याला कुणी दगडही मारला नाही, इतके सगळे दमले होते.

त्यातही मिस्त्री मे महिन्यात चार दिवस वेंगुर्ल्याला राहून आले. कट्ट्यावर आम्ही सगळे जमलो.

"हवा कशी हाय?"

"आंगूळ कुटं सपली आनि घाम कुटं सुरू झाला, कळत न्हाय."

"आनि समुद्र?"

"हाय. मोठा हाय."

"ज्वारी?"

"किडा लागतूय," मिस्त्री म्हणाले. मग वाकून चपलेचा अंगठा सारखा केला. "तरीबी जायाचंच."

जन्मभर प्रत्येक गोष्टीला खोड काढणाऱ्या माणसानं एका वाक्यात असा निकाल द्यावा, याचं आम्हाला फार हसू आलं. म्हातारा चळला, असं म्हणून लोक आपापल्या घरी गेले.

पावसाळा संपता संपता मालकांनी जुन्या माणसांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. फौंड्रीत मालकानं चहा पाजला की काय समजायचं ते माणसं समजतात. मिस्त्रींनी रिटायर व्हायच्या आधी फौंड्रीच रिटायर झाली. हातात जे आलं त्यात पतसंस्थेत बुडालेलं मिळवता आलं असतं, तर परबाच्या चुलत्याची अनामत निघाली असती. निदान मिस्त्री तसं म्हणत. सगळीकडं श्रिंकेज धरून चाललेल्या माणसाचं एवढं आकसलं की मापच राहिलं नाही. परबाचा निरोप आला, घर दुसऱ्या कुणाला दिलं. मिस्त्रींनी तो निरोप कट्ट्यावर सांगितला, "बरं झालं. वास सोसला नसताच," असं म्हणाले आणि घरात गेले. रविवारचं बाजारात जाणं बंद झालं. गल्लीतली पोरं कधीतरी "आप्पा, समुद्र कुटवर आला?" म्हणून ओरडायची. पूर्वी ते पायताण घेऊन धावले असते. आता नुसते खिडकी लावून घ्यायचे.

मग संक्रांत आली. थंडी कडाक्याची होती. संध्याकाळी मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडं गेले. दार नुसतंच लोटलेलं. आतून कढईत उलथनं खरखरल्याचा आवाज येत होता. मला वाटलं शेंगदाणे भाजताहेत.

स्वयंपाकघरात मिस्त्री शेगडीपुढं बसून वाळू भाजत होते. शेजारी पाटावर गौराक्का, समोर घमेलं, आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत वाळूत पुरलेले. मिस्त्रींनी कढई उतरवली, तान्ह्या पोराचं पाणी बघावं तसं आपलं कोपर त्या वाळूला लावून बघितलं, थोडा वेळ थांबले, पुन्हा लावून बघितलं आणि मग बोटांच्या कडेकडेनं हळूहळू ओतली.

मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे झाले. गौराक्काच बोलल्या. "बसा, बाई. परबानं पोतं धाडलंय एस्टीनं. कंडक्टर ह्येंस्नी म्हनला, कोल्हापुरात वाळू न्हाय काय, पंचगंगा आटली काय म्हनून."

"नदीच्या वाळूत मीठ नसतंय," मिस्त्री गुरगुरले.

"आणि फौंड्रीत?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "तिथं तर जन्मभर वाळूच होती."

"ती काळी. कोळशाची पूड असती तिच्यात. ती हिच्या हातास्नी लावायची व्हय?" मग माझ्याकडं न बघता, वाळू सारखी करत ते म्हणाले, "परब पैल्यापासनं तितल्या एका म्हातारीचं सांगायचा. मे म्हैन्यात डोळ्यांनी बगितली. रोज दुपारी तापल्या वाळूत हात पुरून बसायची. असलंच हात हुतं म्हनं तिचं. आता जाळं इनती. ह्ये तितं फुकट हुतं, बाई. रोज. कुनी मागत न्हाय त्येचं काय."

"मला एका शब्दानं सांगितलं न्हाय बगा," गौराक्का म्हणाल्या. "पोतं आल्यावर कळलं. मी आपली भांडत बसलेली, ह्येंच्या हौसंपायी म्हनून."

"सांगून काय? तू आली असतीस काय? औषिदाला पैसं जात्यात म्हनून दवाखान्यात येत न्हाईस, तर घर मोडून येनार व्हय तू?"

ज्या माणसावर मी इतकी वर्षं चडफडले, तो बायकोच्या बोटांसाठी सुकटीच्या ढिगासमोर उभा राहत होता. आणि समुद्रावर जाणं आता होणार नव्हतं. पोत्याभर वाळूनं काही होत नसतं, हे तिघांनाही कळत होतं. मी तिळगूळ पुढं केला, तर गौराक्कांचे हात वाळूत. मीच त्यांच्या तोंडात घातला.

तो चघळत त्या कुरकुरल्या, "अवो, गार झाली की आता. काडू काय हात?"

"गप बस," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी कढई पुन्हा शेगडीवर चढवली. "समुद्रावर आलीयास न्हवं? मग जरा समुद्राकडं बग की."

गौराक्का मुकाट्यानं समोरच्या भांड्यांच्या मांडणीकडं बघत बसल्या.