विहिरीतला सेइनोसुके आणि माझी दोन कार्डं

दुसरी कार्डं छापायला टाकली, तेव्हा छपाईवाल्या म्हाताऱ्यानं मला एकच साधा प्रश्न विचारला होता. “ही गुलाबी कागदावर करू ना?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “पहिल्यांसारखीच. तोच पांढरा कागद, तीच अक्षरं, तोच आकार.”

“मग दोन्हींतला फरक कसा कळायचा?”

“फरक नाहीच आहे, आजोबा,” मी बाणेदारपणे म्हणालो. “हाच तर मुद्दा आहे!”

(आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं ते लोकांची कार्डं छापताहेत. त्यांचं ऐकायला हवं होतं.)

पहिल्या कार्डावर लिहिलं होतं: होसाका मिनोरू, कनिष्ठ अभियंता, जलनिस्सारण विभाग. खाली लाल अक्षरांत: ‘गटार तुंबल्यास, गळती झाल्यास किंवा कोणी आत पडल्यास त्वरित कळवा. चोवीस तास सेवा.’ आमच्या शहराचं सांडपाणी मुकाट्यानं समुद्राकडे जातं, त्यात माझाही थोडा हात आहे.

दुसऱ्या कार्डावर लिहिलं होतं: चांदण्यातला मुळा. तो पण मीच. खाली लाल अक्षरांत: ‘विरह, पुनर्मीलन आणि घरगुती जेवण.’

सहा वर्षांपूर्वी टीव्हीवर ‘धुक्यातली चौकी’ नावाची सामुराई मालिका लागायची. त्यात सेइनोसुके हा कडक चौकीप्रमुख आणि रोकुता हा सुधारलेला चोर. बारा भाग दोघं एकमेकांसाठी जीव द्यायला निघतात आणि तेराव्या भागात एका पुलावर, एक शब्द न बोलता, दोन दिशांना चालू लागतात. समाप्त! मी तेव्हा कॉलेजात होतो. मला तो पूल मान्य नव्हता. अन्याय दिसला की काहीतरी केलंच पाहिजे, या मताचा मी आहे. त्याच रात्री मी चौदावा भाग लिहिला आणि चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकला. याला फॅन फिक्शन म्हणतात. आम्ही फुकट लिहितो, लोक फुकट वाचतात आणि फुकट शिव्या देतात. इतका निर्मळ व्यवहार साहित्यात दुसरा नाही.

नोकरी लागली तरी लिहिणं थांबलं नाही. दिवसा गटारं, संध्याकाळी सेइनोसुके. चाळिसाव्या प्रकरणापर्यंत सगळं सुरळीत चाललं. त्या प्रकरणात मी सेइनोसुकेला एका पडक्या विहिरीत टाकला आणि नेमकं त्याच आठवड्यात चिझुरूनं मला लग्नाला होकार दिला. मग लिहिता येईना. माणूस सुखात असला की विरह सुचत नाही. सेइनोसुके चार महिने विहिरीतच होता.

चिझुरूला माझं लेखन माहीत होतं. तिचं म्हणणं एवढंच, “दोरी टाक की खाली! चढेल तो.”

“चिझुरू, ती नुसती विहीर नाहीये. ती त्याच्या मनातली खोली आहे.”

“मग मनातली दोरी टाक.”

(ती दंतवैद्याकडे मदतनीस आहे. तिला वाटतं, जगातलं प्रत्येक दुःख ‘आऽ करा’ म्हटलं की दिसतं.)

पण तिची एक अट होती. तिच्या वडिलांकडे रीतसर मागणी घालायला जायचं तेव्हा मुळ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तिचे वडील शिरोयामा-सेन्सेई, म्हणजे शिरोयामा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. छत्तीस वर्षं भाषा शिकवली. आधीच्या दोन स्थळांपैकी एकाला त्यांनी जेवणाच्या काड्या चुकीच्या धरल्या म्हणून वाटेला लावलं आणि दुसऱ्याला उगाच हसला म्हणून.

“आणि बाबांनी नाही म्हटलं,” चिझुरू म्हणाली, “तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. आई एकटी पडेल.” हे मात्र ती हसत म्हणाली नाही.

भेट ठरली रविवारी दुपारी. आणि त्याच रविवारी सकाळी व्यापारी संघाच्या सभागृहात चाहत्यांची जत्रा होती. आपापल्या चोपड्या मांडून बसायचं, वाचकांना भेटायचं. वर्षातून दोनदाच येणारा दिवस. मी ठरवलं, दोन्ही करू. सकाळी मुळा, दुपारी जावई. दोन्हीकडे एकच कोट. डाव्या खिशात गटाराच्या कार्डांची काळी डबी, उजव्या खिशात साहित्याची काळी डबी.

शनिवारी चिझुरूनं तो कोट इस्त्रीला नेला. डब्या काढल्या, इस्त्री केली, डब्या परत जशाच्या तशा ठेवल्या. म्हणजे, कोट समोर टांगून तिला जे डावं दिसलं ते डावं. माझं डावं ते तिच्यासमोर उजवं असतं, ही साधी भूमिती ना तिला सुचली, ना मला.

जत्रेत माझ्या टेबलासमोर बारा वाचक आले. बाराही बायका. (त्यांची समजूत होती की मुळा ही चाळिशीतली प्रेमळ बाई असणार. मला पाहून दोघी उघड हिरमुसल्या.) प्रत्येकीला मी दोन्ही हातांनी कार्ड दिलं, कमरेत वाकून, नजर जमिनीला. आमच्याकडे कार्ड असंच देतात. त्यामुळे देणाऱ्याला आपण काय देतोय ते कधीच दिसत नाही.

“अय्या, सेन्सेई!” एक आजी म्हणाल्या. (आमच्याकडे लेखकालाही सेन्सेईच म्हणतात.) “केवढी कल्पकता! आणि खरंच, कधीही फोन केला तरी चालेल?”

मला वाटलं, त्या संकेतस्थळावर लिहिण्याबद्दल बोलताहेत. “कधीही!” मी उमाळ्यानं म्हणालो. “वाचकांचा हक्कच आहे तो. मला मध्येमध्ये टोचत राहा. सेइनोसुकेसाठी!”

“टोचते हं,” आजी म्हणाल्या आणि कार्ड पदरात बांधावं तसं जपून पर्समध्ये ठेवलं.

दुपारी दोन वाजता मी शिरोयामांच्या बैठकीत, चटईवर, गुडघे मोडून बसलो होतो. शेजारी चिझुरू. समोर सेन्सेई. बुटका माणूस, पण बसल्यावरही उंच वाटायचा. मी उजव्या खिशात हात घालणार तेवढ्यात स्वतःला सावरलं. मूर्खा, डावा! डाव्यातली डबी काढली आणि दोन्ही हातांनी, आयुष्यातलं सगळ्यात खोल वाकून, कार्ड पुढे केलं.

सेन्सेईंनी ते घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

मी मान वर केली. त्यांनी कार्ड रिवाजाप्रमाणे समोरच्या मेजावर ठेवलं, अक्षरं वर करून, काठाला समांतर. बोलणं संपेपर्यंत कार्ड तिथंच राहतं. उचलणं उद्धटपणा. आणि दिलेलं कार्ड परत मागणं? त्यापेक्षा यजमानाच्या चटईवर बूट घालून नाचलेलं बरं.

माझ्या बाजूनं अक्षरं उलटी दिसत होती. तरीही मुळा स्पष्ट वाचता आला.

चिझुरूनंही तो वाचला. तिचा चेहरा हलला नाही. फक्त मेजाखाली माझ्या मांडीला एक चिमटा बसला. (पाय इतके बधिर झाले होते की चिमटा दुसऱ्याच कुणाला बसल्यासारखा वाटला.)

“म्हणजे,” सेन्सेई सावकाश म्हणाले, “आपलं काम काय असतं, होसाका-सान?”

“सांडपाणी,” मी म्हणालो.

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. “आणि घरगुती जेवण?”

“ते... सांडपाण्याच्या आधी येतं.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या विभागात रविवारीही फोन घ्यावाच लागतो. पलीकडे विभागप्रमुख मुकाई-साहेब होते. तीस वर्षं गटारात उतरलेल्या माणसांशी वरून ओरडून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. फोन कानाला लावा नाहीतर शेजारच्या गावात ठेवा, ऐकू तेवढंच येतं.

“होसाका-कुन! माणूस विहिरीत पडलाय!”

“कुठे, साहेब?”

“ते तू सांग! तीन बायांचे फोन आले. तिघींकडे तुझं कार्ड. म्हणतात, तूच ढकललंस त्याला!”

सेन्सेईंची एक भुवई वर गेली.

“चार महिने झाले म्हणे! चार महिने! एक आजीबाई तर रडत होत्या. नाव सेइनोसुके, वजन माहीत नाही. दोन गाड्या निघाल्यात, पंप आहे, शिडी आहे. फक्त विहीर कुठे आहे ते बोल!”

“साहेब... ती विहीर दोनशे वर्षांपूर्वीची आहे.”

“जुनी आहे ते कळलं रे! कठडा आहे का?”

“साहेब, तो माणूस खरा नाही. मी लिहिलाय तो. गोष्टीत.”

 मग मुकाई-साहेब त्यांच्या मते कुजबुजले, “म्हणजे गाड्या परत बोलावू?”

“हो, साहेब.”

“मग तो वर कसा येणार?” आणि पुन्हा मूळ आवाजात, “शिडी नाही का त्या विहिरीला? उद्या आठ वाजता माझ्या टेबलासमोर ये!”

फोन बंद झाला. मी तिथल्या तिथे लवून कपाळ चटईला टेकवलं आणि चटईलाच सगळं सांगून टाकलं. मालिका, पूल, मुळा, डब्या. शेवटी म्हणालो, “सेन्सेई, कार्ड चुकून गेलं. पण खोटं नाही गेलं. तोही मीच आहे. काही काही दिवशी तर जास्त मीच.”

 मग कपबश्या खडखडल्या. चहाचा ट्रे घेऊन चिझुरूची आई दारात उभी होती.

“मुळा-सेन्सेई... तुम्ही?”

तिनं ट्रे होता तिथेच ठेवला आणि आत गेली. परत आली तेव्हा हातात छापलेल्या कागदांचा हा एवढा गठ्ठा. माझी चाळीस प्रकरणं. पानापानावर लाल शाई.

“आई!” चिझुरू म्हणाली.

“माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून रोज जेवण झाल्यावर हे मला वाचून दाखवतात. रोकुताचा आवाज फार छान काढतात.”

शिरोयामा-सेन्सेई लाल झाले. “मी फक्त शुद्धलेखन तपासतो,” ते म्हणाले. मग गठ्ठा जवळ ओढून घेतलाच. “अडतिसाव्या प्रकरणात त्या विहिरीवर बादली आहे. चाळिसाव्यात नाही. कुठे गेली?”

“माहीत नाही, सेन्सेई.”

“चार महिने,” आई हळूच म्हणाली, “जेवण झालं की आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसतो.”

सेन्सेईंनी माझं कार्ड उचललं. पुसलं. (त्यावर काही नव्हतं.) “लग्नाला माझी हरकत नाही,” ते म्हणाले. “पण जो आपल्या माणसाला विहिरीत सोडून लग्नाला निघतो, त्याच्या हाती मी चिझुरूला कशी देऊ? आधी त्याला बाहेर काढा. मग तारीख ठरवू.”

पुढचे तीन आठवडे मी काय भोगलं, ते मलाच ठाऊक. ऑफिसात मुकाई-साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि खाली स्वतःच्या हातानं विहिरीचा आराखडा काढून दिला, शिडीसकट. मी एकदा पूर आणला. सेइनोसुके बुडायला लागला. एकदा भूकंप केला, विहीरच बुजली. एकदा रोकुताला काठावर आणून बसवला, तर तो काठावर बसून सहा पानं रडला आणि निघून गेला. तिकडे लग्नाच्या तारखा एकेक करून हातच्या जात होत्या.

एका संध्याकाळी मी कपाळाला हात लावून बसलो होतो. चिझुरूनं भांडी पुसता पुसता विचारलं, “सरक. किती ओळींचं करायचं असतं?”

तिनं अकरा ओळी लिहिल्या. रोकुता येतो. बादलीची दोरी खाली टाकतो. सेइनोसुके वर येतो. रोकुता विचारतो, “जेवलास?” सेइनोसुके म्हणतो, “नाही.” दोघं घरी जातात.

“एवढंच?” मी किंचाळलो. “आणि मनातली खोली?”

“भरली की. जेवला ना तो!”

मी निषेध म्हणून झोपायला गेलो. तिनं ते माझ्या नावानं संकेतस्थळावर टाकलं. सकाळपर्यंत चारशे अभिप्राय! एवढे मला चाळीस प्रकरणांत मिळून आले नव्हते. जत्रेतल्या आजींनी लिहिलं होतं, ‘रडले. आता फोन करणार नाही.’ सेन्सेईंनी ते पान छापून माझ्याकडे पाठवलं, त्यावर पहिल्यांदाच लाल शाई नव्हती. कोपऱ्यात फक्त लग्नाची तारीख. आणि सासूबाईंनी संकेतस्थळावर सगळ्यांसमोर लिहिलं: ‘लग्न ठरल्यापासून मुळा-सेन्सेईंना लिहिता यायला लागलं.’

गेल्या आठवड्यात छपाईवाल्याकडे गेलो, तर आजोबांनी न विचारता एक पुडकं पुढे केलं. चांदण्यातला मुळा. गुलाबी कागद.

“मी हे सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो.

“तुमच्या बाईसाहेब सांगून गेल्या. म्हणाल्या, फरक कळायला हवा. ही त्यांची आहेत.”

तेव्हा सध्या माझ्याजवळ एकच कार्ड आहे. तुमच्याकडे काही तुंबलं असेल तर जरूर कळवा. चोवीस तास.