डेलचं लायसन्स

"डॉक्टर म्हणाले, विमानात बसा, हरकत नाही. फक्त जिने चढू नका," सुहासिनीबाई रामटेके यांनी नागपूरहून फोनवर सांगितलं आणि अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्यांच्या मुलाच्या घरात हिशेब सुरू झाला. तिकीट अठरा ऑक्टोबरचं होतं. म्हणजे साडेतीन आठवडे. आणि घरातल्या तिन्ही बेडरूम्स आणि अंघोळीची सोय वरच्या मजल्यावरच होती. खाली होता एक कमोड, एक बेसिन आणि त्या दोघांना आपापसात भांडता येईल एवढी जागा.

"खालच्या ऑफिसरूममध्ये आई झोपतील. तिला लागून भिंतीतलं मोठं कपाट आहे ना, ते पाडून शॉवर करता येईल," सून सुवर्णा म्हणाली.

"करूया. पण लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर पाहिजे," परीक्षित म्हणाला.

परीक्षित एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी ऑडिटर होता. दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन कागद तपासायचे आणि त्यातून चूक शोधून काढायची, हे त्याचं काम. हा स्वभाव तो ऑफिसात ठेवून घरी येत नसे. हॉटेलात बसल्यावर तो आधी भिंतीवरचं आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र वाचत असे, मग मेनू. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन माणसं आली आणि गेली. एकाकडे लायसन्स नव्हतं. दुसऱ्याकडे होतं, पण ते मासेमारीचं निघालं.

शेवटी शेजारच्या गल्लीतल्या अपर्णाने डेल हचिन्सचं नाव सुचवलं. अपर्णा आणि अतुलचं किचन त्यानेच उन्हाळ्यात नवं करून दिलं होतं. डेल आला. साठीचा, उंच, कमी बोलणारा. त्याने बूट दाराबाहेर काढले, हे पाहूनच सुवर्णाने मनात त्याला काम देऊन टाकलं. त्याने मापं घेतली, भिंतीवर ठोकून पाहिलं आणि सांगितलं, "काम दोन आठवड्यांचं आहे. पण मला जानेवारीपर्यंत वेळ नाही."

सुवर्णाने सासूच्या गुडघ्याची सगळी कहाणी इंग्रजीत सांगितली. डेलने मान हलवली, मधे जागा झाली तर कळवतो म्हणाला आणि कार्ड ठेवून गेला.

परीक्षितने त्या संध्याकाळी फ्रिजवरचं ते कार्ड काढलं. अक्षरं बारीक होती, शाई फिकी होती. त्याने लायसन्सचा नंबर राज्याच्या वेबसाइटवर घातला. समोर नाव आलं, डेल हचिन्सन. गाव दुसरंच. आणि खाली लाल अक्षरांत, लायसन्स तीन वर्षांपूर्वी रद्द.

दुसरा कुणी असता तर त्याने नंबर पुन्हा पाहिला असता. पण परीक्षितला चूक सापडली होती, आणि चूक सापडल्यावर ऑडिटर थांबत नाही. "नाव पण आखूड केलंय," तो स्वतःशी म्हणाला. सुवर्णा लॅबमधून यायची होती आणि त्याला पहाटे ऑडिटसाठी ओहायोला निघायचं होतं. त्याने स्क्रीनशॉट काढला आणि 'कॅरी मराठी शेजार' या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सर्वांच्या माहितीसाठी. काम देण्यापूर्वी तपासा.' मग बॅग भरता भरता सुवर्णाला मेसेज केला, 'डेलचं ग्रुपवर टाकलंय, बघ.'

सुवर्णाने तो ग्रुप गेल्या दिवाळीतच म्यूट केला होता. डेलचं काय टाकलं असणार, ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव लोक टाकतातच, असं समजून तिने अंगठा पाठवला.

ग्रुपवर मात्र हलकल्लोळ झाला. डेलला काम दिलेली चार मराठी घरं होती. मोनालीचं बेसमेंट, कुमारचा अंगणातला लाकडी डेक, आणखी दोघांची बाथरूम्स. चौघांनीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कॅन्सल केलं. कारण कुणीच सांगितलं नाही. एकाने बदलीचं निमित्त काढलं, मोनालीने सासऱ्यांना आजारी पाडलं. सासरे तेव्हा तिच्याच घरी बसून पोहे खात होते. अपर्णाची अवस्था सगळ्यांत वाईट होती. तिचं किचन होऊन गेलेलं होतं. गॅसची लाइन अशा माणसाने टाकली म्हटल्यावर तिने त्या किचनचं दार लावून घेतलं आणि गॅरेजमध्ये, लॉनमोवरशेजारी, विजेच्या शेगडीवर भाजी फोडणीला टाकू लागली.

बुधवारी दुपारी डेलने सुवर्णाला फोन केला. "चार कामं एकदम गेली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. परमिटचा अर्ज आज टाकतो. सोमवारी सुरू करू?"

सुवर्णाने होकार दिला आणि परीक्षितला कळवलं, "कॉन्ट्रॅक्टरचं जमलं. लायसन्स, परमिट, सगळं आहे."

"ग्रेट," कारखान्यातल्या आवाजात परीक्षित ओरडला. डेलला बाद केल्यावर बायकोने तत्परतेने दुसरा शोधला, याचं त्याला कौतुक वाटलं.

सोमवारी संध्याकाळी तो घरी परतला तेव्हा ड्राइव्हवेमध्ये पांढरा ट्रक उभा होता. ट्रकवर हातभर अक्षरांत डेल हचिन्सचं नाव होतं. आत कपाटाची भिंत नव्हती आणि कमोड हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक पांघरून बसला होता. डेलने हसून हात हलवला.

परीक्षितने सुवर्णाला दंडाला धरून वर नेलं. "हा कसा आला?"

"म्हणजे काय? तूच तर ग्रुपवर टाकलं होतंस."

"अगं, त्याचं लायसन्स रद्द झालंय, असं टाकलं होतं."

त्याने कार्ड आणि लॅपटॉप पुढे ठेवला. सुवर्णा नंबर वाचू लागली. मधे त्यांची नऊ वर्षांची इला डोकावली आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट अ थ्री. इट्स ॲन एट."

परीक्षितने कार्ड दिव्याखाली धरलं. आठ होता. डावी बाजू पुसट झालेला, पण आठच. त्याने नवा नंबर घातला. डेल हचिन्स, कॅरी. बावीस वर्षं, लायसन्स चालू, एकही तक्रार नाही.

त्याने लॅपटॉप मिटला. "आत्ता ग्रुपवर खरं सांगितलं तर चौघं पुन्हा त्याच्याकडे धावतील. तो आपलं काम सोडून गेला तर?"

"आणि नाही सांगितलं तर अपर्णा हिवाळाभर गॅरेजमध्ये पोळ्या लाटेल," ग्रुपवरचे मेसेज वाचत सुवर्णा म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अतुल होता. त्याने आधी ट्रककडे पाहिलं, मग परीक्षितकडे.

"यार परीक्षित, तू सगळ्यांना याला कॅन्सल करायला लावलंस आणि स्वतः बोलावून घेतलंस?"

"तसं नाहीये. माझ्याकडून नंबर चुकला. मी आठाला तीन वाचलं."

"तू?" अतुल म्हणाला. "तू माझ्या ग्रिलचं मॅन्युअल वाचून स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या होत्यास."

परीक्षितने कार्ड दाखवलं, वेबसाइट दाखवली. अतुलने नीट पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. पण त्या जागी विश्वास आला नाही. आली ती दाद.

"मानलं तुला. पण सरळ सांगितलं असतंस, आई येतेय म्हणून, तर लोकांनी तारीख दिली असती."

"दिली असती?"

अतुलने विचार केला. "नसती," तो म्हणाला आणि बायकोला किचन उघडायला सांगायला निघून गेला.

परीक्षितने ग्रुपवर जाहीर माफी मागितली. लांबलचक, मुद्देसूद, दोन्ही स्क्रीनशॉट जोडून. उत्तरादाखल हसून डोळ्यांत पाणी आलेले अकरा चेहरे आले. कुमारने लिहिलं, 'सर, आता एक चांगला प्लंबर पण असाच रिकामा करून द्या.'

राहिला डेल. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षित ऑफिसला न जाता त्याच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. ती चार घरं का गेली, कुणामुळे गेली. डेलने ड्रिल खाली ठेवलं. स्वतःचं कार्ड खिशातून काढून हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला, मग चष्मा लावून.

"मलाही तीनच दिसतोय," तो म्हणाला. मग ड्रिल पुन्हा उचललं. "उघडी भिंत सोडून मी जात नाही. तुझं काम पूर्ण करतो. त्या चौघांना फोन मात्र तू करायचे, आणि तारखा जानेवारीनंतरच्या. आधीच्या मी दुसऱ्यांना देऊन बसलोय."

परीक्षितने चारही फोन केले. चौघांनी रुसून बोलणं सुरू केलं आणि शेवटी 'एवढं डोकं कुठून आणलंस' असं विचारून संपवलं. तो दर वेळी आठ आणि तीनची गोष्ट सांगे. ते दर वेळी, हो हो, असं म्हणत.

अठराला सुहासिनीबाई आल्या. शॉवरला पायरी नव्हती, धरायला दोन दांडे होते, बसायला बाक होता. अंघोळ करून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "छान झालं रे. व्हिडिओ कॉलवर हॉलमध्ये दिसलेला कमोडपण आपल्या जागी आहे तं."

रविवारी सगळा ग्रुप त्यांना भेटायला आला. खरं म्हणजे बाथरूम बघायला आला. अपर्णाने नव्या किचनमध्ये केलेल्या पुरणपोळ्या आणल्या होत्या. खाताना अतुलने सुहासिनीबाईंना सगळी हकीगत रंगवून सांगितली. "काकू, तुमच्यासाठी याने चार घरांची कामं हलवली. ऑफिसात फुकट जातोय हा, राजकारणात पाहिजे होता."

लोक हसले. परीक्षित आईजवळ वाकून हळू आवाजात म्हणाला, "आई, असं काही नाही. मी खरंच चुकलो होतो."

"काय चुकलास?"

"आठाला तीन वाचलं."

सुहासिनीबाईंनी नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "कोणाला सांगितलं नाहीस ना हे?"

"सगळ्यांना सांगितलं. कुणाचा विश्वासच बसत नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ताटली बाजूला ठेवली, पदर सावरला आणि अतुलकडे वळून मोठ्याने सांगितलं, "अरे, हा लहानपणापासून असाच आहे. एकदम बिलंदर."