रंगनाथअप्पांचा न छापलेला पेपर

आमच्या आळीचे पेपरवाले रंगनाथअप्पा पेपर टाकून कधी सरळ पुढे गेले नाहीत. पेपर अंगणात टाकायचा, सायकल फाटकाला टेकवायची आणि घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत घंटी वाजवत राहायचं. माणूस आलं की घसा खाकरून म्हणायचे, "हां. आता ह्यात काय न्हाई, ते ऐका."

मी जामखेडला नवा राहायला आलो, तेव्हा मला वाटलं, पुरवणी आली नसेल. अप्पा म्हणाले, "खर्ड्याकडच्या रस्त्याचं काम कागदावर झालंय, जमिनीवर न्हाई. बघून आलोय. वरच्या आळीला टँकर आला न्हाई. आन् दवाखान्यात साप चावल्याचं औषध संपलंय, तवा वाईच बघून चाला." एवढं सांगून ते पुढच्या फाटकावर गेले. मी पेपर उघडला. पहिल्या पानावर चेअरमनसाहेबांचा वाढदिवस होता आणि आत त्याच वाढदिवसाचा उरलेला भाग.

चेअरमनसाहेब म्हणजे साखर कारखान्याचे. कारखाना त्यांचा, कॉलेज त्यांचं, आणि तालुक्यात येणारे तीन स्थानिक पेपरही त्यांनीच एकेक करून विकत घेतले. नावं मात्र वेगळी राहू दिली. एक निर्भीड, दुसरा निःपक्ष आणि तिसरा नुसताच जनतेचा.

हे अप्पांच्या डोक्यात गेलं. स्टँडजवळच्या आपल्या टपरीवर त्यांनी तिन्ही पेपर शेजारी शेजारी टांगले आणि वर पाटी लावली: 'फरक दाखवा, पेपर फुकट न्या.' लोक एसटीची वाट बघत फरक शोधायचे. एकदा एका गुरुजींनी विजयी मुद्रेनं बोट ठेवलं. एका पेपरात साहेबांच्या गळ्यात हार होता, दुसऱ्यात नव्हता. अप्पांनी चष्मा लावून पाहिलं. "जागा पुरली न्हाई म्हनून हार कापलाय, गुरुजी. गळा त्योच हाय." तरीही प्रयत्नाबद्दल त्यांना पेपर दिलाच.

एकदा आठवडे बाजारात त्यांनी सभाही घेतली. विषय, एकाच तोंडानं तीन पेपर का बोलावेत. चार माणसं हजर होती. त्यातली एक भाजीवाली होती आणि तिला पाटी सोडून उठता येत नव्हतं. अप्पा पाऊण तास बोलले. शेवटी भाजीवालीच म्हणाली, "पटतंय बाबा, पन सर म्होरनं, गिऱ्हाईक दिसंना."

एवढा राग, तर हे पेपर विकता कशाला, असं मी एकदा विचारलं. अप्पा म्हणाले, "पेपर आलाच न्हाई, तर ह्यात काय न्हाई हे कळायचं कसं?"

त्यांचा दुसरा नियम चहाचा. कुणाच्याही दारात ते चहा घेत नसत. "ज्याचा चहा पिला, त्याची बातमी निवती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी बायको सुनंदा रोज विचारायची आणि ते रोज नाही म्हणायचे. हा आपल्या चहाचा अपमान आहे, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं.

आणि चूक झाली तर अप्पा दुरुस्ती काढत. शिंदेमामांची म्हैस विजेच्या तारेला चिकटून गेली, असं एकदा त्यांनी सांगितलं. म्हैस नुसती आडवी झाली होती, संध्याकाळी उठून वैरण खायला लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाटकांवर एकच बातमी: "कालची दुरुस्ती. म्हैस हाय." मग ते गोठ्यात जाऊन मामांची माफी मागून आले, वर म्हशीपुढेही थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, "चुकी तिच्या नावावर झाल्ती."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका सकाळी अप्पांनी सांगितलं, "कारखान्याचं मळीचं पानी वढ्याला सुटलंय. बघून आलोय. जनावरं पाजू नका." आळीनं जनावरं ओढ्यावर नेली नाहीत. दोन दिवसांनी पेपरच्या ऑफिसातून माणूस आला. पेपर टाका आणि गप पुढे व्हा, नाहीतर एजन्सी जाईल, असं सांगून गेला.

"अप्पा, जरा दमानं घ्या," सुनंदा म्हणाली. "पोटाचा प्रश्न आहे."

"जनावरांच्या बी पोटाचाच हाय की, ताई."

पुढच्या सोमवारी मोटारसायकलवरचा एक अनोळखी माणूस न थांबता पेपर भिरकावून गेला. मला खरंच वाईट वाटलं. इतक्यात घंटी वाजली. फाटकात अप्पा, सायकलचं कॅरिअर रिकामं.

"हां. ह्यात काय न्हाई, ते ऐका." ओढ्याचं पाणी अजून काळंच आहे, टँकर आज येणार आहे, असं सांगून ते वळले.

"एक बातमी राहिली, अप्पा," सुनंदा म्हणाली. "तुमची एजन्सी गेली ती."

"ती घरची गोष्ट हाय."

"आज बातमी तुमचीच आहे. निवली तर निवू दे. चहा घ्या."

अप्पा हसले आणि पहिल्यांदाच आमच्या पायरीवर बसले. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी दोन घोट घेतले. मग म्हणाले, "आमच्या मंडळीला, पारूला, वाचता येत नव्हतं. रोज सकाळी चुलीपुढं बसून समदा पेपर वाचून दाखवायचो. मन लावून ऐकायची, आन् शेवटाला इचारायची, ह्यात आपलं काय हाय? मला काय घावायचं न्हाई. मग वाईच हिंडायचो, काय तरी बघून यायचो आन् तिला सांगायचो. ती गेली. पेपर येतच राह्यला. आता सांगायचं कुनाला? म्हनून फाटकं धरली."

त्या दिवशी आळीनं ठरवलं, पेपर बंद. अप्पाच भडकले. "बंद करू नका. मग मी काय न्हाई ते सांगू कशावरनं?" शेवटी आळीत एकच पेपर ठेवला, आमच्या घरी, आणि सकाळी सगळे आमच्याच फाटकात जमायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. अप्पा घसा खाकरणार, तोच सुनंदा पदराला हात पुसत पुढे झाली.

"अप्पा, आज ह्यात आपलं काय हाय?"

अप्पांचा हात घंटीवरच राहिला. मग हळूच म्हणाले, "लई हाय. बस, सांगतो."