नवव्या हाळीचा मुहूर्त

एका जंगलात, मुलांनो, सगळा कारभार हाळीवर चालत असे. हाळी म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मधेच विचाराल आणि माझा सूर जाईल.

रोज पहाटे नदीपलीकडच्या उंबरावरून वानरं ओरडत. कोणी केव्हा पाण्यावर यायचं, कोणत्या बाजूने उतरायचं, मगर कुठे पडली आहे, सगळं त्या ओरडण्यात असे. हरणं ऐकत, डुकरं ऐकत, दांडगे गवेसुद्धा ऐकत. हाळी होईपर्यंत पाऊल उचलायचं नाही आणि हाळी झाल्यावर डोकं चालवायचं नाही, अशी तिथली शिस्त होती. तुमच्या शाळेत असते तशीच.

ही हाळी अधूनमधून नव्याने रचली जाई, आणि तेव्हा आठवी चालू होती. कर्कश होती, पण पाणी मिळत होतं. एक दिवस बातमी आली की शेजारच्या जंगलात नववी हाळी येणार. सिंहमहाराजांची झोप उडाली.

"आणि आपण अजून आठव्यावर?" त्यांनी बगळेरावांना विचारलं.

बगळेराव हाळीखात्याचे प्रमुख. एका पायावर उभं राहून विचार करतो आहोत असं दाखवणं त्यांना फार छान जमे. त्यांनी ते दाखवलं, आणि वानरं कामाला लागली. नव्या हाळीला त्यांनी चाल लावली. आधी महाराजांची स्तुती, मग सुप्रभात, मग पाण्याचं. ऐकायला गोड होती, हे मान्य करायला हवं.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ती तपासायला टिटवीबाई आल्या. त्या हाळीखात्यात तपासनीस होत्या. टिटवीचं ओरडणं अशुभ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी त्यांना हीच नोकरी मिळाली होती. सरकारी नेमणुका अशाच होतात.

टिटवीबाईंनी हाळी ऐकली आणि मधेच थांबवली.

"गव्यांना डावीकडून उतरा म्हणताय. त्यांची वाट उजवीकडची आहे."

वानरांचा म्होरक्या हुप्या उंबरावरूनच म्हणाला, "आम्हाला तर ती डावीकडेच दिसते."

"तुम्ही पलीकडच्या काठावर, गव्यांकडे तोंड करून बसता. तुमचं डावं ते त्यांचं उजवं. जुनी हाळी रचणारे एकदा खाली उतरून गव्यांबरोबर चालले होते."

"खाली?" हुप्या म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं.

टिटवीबाई एवढ्या जीव तोडून सांगत होत्या, त्याला कारण होतं. उताराच्या डाव्या अंगाला, उघड्या वाळूत, त्यांची चार अंडी होती. टिटवी घरटं बांधत नाही. ती थोडे खडे मांडते, मधे अंडी घालते आणि देवावर हवाला ठेवते. डावीकडे कोणी फिरकत नाही म्हणून तर ही जागा धरली होती. आता पिल्लं बाहेर येईपर्यंत अंडी हलवायची सोय नव्हती.

बगळेरावांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बाई, ऐन मुहूर्ताच्या तोंडावर ओरडलात. अपशकुन झाला. मुहूर्त पुढे ढकलावा लागेल."

टिटवीबाईंना वाटलं, चला, आता चूक सुधारतील. भोळी हो बिचारी! मुहूर्त बदलला होता, हाळी नव्हे. मधल्या दिवसांत वानरांनी चालीत दोन ताना वाढवल्या आणि मोरांकडून मांडवासाठी पिसं आणली.

पुन्हा मुहूर्त आला. पुन्हा टिटवीबाईंनी हाळी ऐकली. गवे डावीकडेच होते. शिवाय तानेच्या भरात सशांची वेळ मगरीच्या वेळेवर जाऊन पडली होती. टिटवीबाईंनी दोन्ही सांगितलं. ससे बचावले, कारण नवी तान हुप्याच्या मेहुण्याची होती आणि मेहुण्याशी न पटणाऱ्या हुप्याने ती लगेच काढून टाकली. गवे मात्र तसेच राहिले. बगळेराव म्हणाले, "पुन्हा अपशकुन!" आणि मुहूर्त आणखी पुढे गेला.

आता कावळे झाडोझाडी विचारत हिंडू लागले, "नववी हाळी कधी?" उत्तर तयार होतं. "टिटवीला विचारा." हरणांनी टिटवीबाईंशी बोलणं टाकलं. ज्या सशांचा जीव वाचला, तेही म्हणाले, "बाईंना मेलं काही चांगलं बघवतच नाही."

घरी टिटवा अंड्यांवर बसलेला असे. तो हळूच म्हणाला, "अगं, आणखी एकदा ओरड ना. पिल्लं बाहेर येईपर्यंत लांबलं की झालं."

"मी काही खोटा दोष काढायची नाही."

"खोटा कशाला? खराच आहे की."

टिटवीबाई अंड्यांभोवतीचे खडे नीट मांडू लागल्या. मुहूर्त लांबतो आहे याचा मनातून आनंद होत होता आणि त्याची लाजही वाटत होती. त्यांना उशीर नको होता, मुलांनो. त्यांना फक्त गवे उजवीकडून जायला हवे होते.

शेवटी त्या स्वतः उंबरापाशी गेल्या. "हुप्याभाऊ, एक शब्द बदला. हात जोडते."

हुप्या वाईट नव्हता. त्याने दोनदा गाऊन पाहिलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "बाई, चालीत 'उजवीकडे' बसत नाही हो. 'डावीकडे' कसं अल्लद बसतं. दहाव्या हाळीत नक्की बघू."

तेवढ्यात शेजारच्या जंगलाने आपला मुहूर्त जाहीर केला. सिंहमहाराज गरजले, "आता काहीही झालं तरी उद्या!"

बगळेरावांनी अपशकुनावर उतारा काढला. एक शांतीची पूजा करायची आणि टिटवीबाईंनी उद्या मौन पाळायचं. दोष तसाच राहिला, पण तो सांगणार कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांना मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मांडव सजला. नारळ फुटला. महाराजांनी पंजा उंचावला आणि उंबरावरून नववी हाळी सुरू झाली. स्तुती झाली, सुप्रभात झालं, हरणांना तहानेने ग्लानी आली, आणि मग ते अल्लद शब्द आले. गवे हो, डावीकडे.

एक म्हातारी गवी थबकली. "डावीकडे? तिकडे कधी गेलो नाही आपण."

"नवी हाळी आहे, आजी," कळपाचा नायक म्हणाला. "काही विचार करूनच सांगत असतील."

कळप वाळूत उतरला. टिटवीबाई अंड्यांपुढे उभ्या होत्या. मौन होतं. पहिला खूर जवळ पडला आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"टिटीव! टिटीव! उजवीकडे! अहो, उजवीकडे!"

त्या नायकाच्या डोळ्यांवर झेपावल्या. पंख मोडल्यासारख्या वाळूत लोळल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा ओरडल्या. एवढा मोठा कळप गडबडला, वळला आणि उजवीकडून पाण्यावर गेला. पण वळताना नायकाचा मागचा खूर एका अंड्यावर पडला.

"माफ करा, बाई," तो खाली बघत म्हणाला. "हाळी आली तसे चाललो."

टिटवीबाईंनी फुटकं टरफल उचललं. त्यांना रडू फुटलं होतं.

त्याच दुपारी त्यांना दरबारात उभं केलं. मौन मोडल्याचा आरोप होता. टिटवीबाईंनी फुटकं टरफल महाराजांपुढे ठेवलं.

"मी आधीच सांगितलं होतं. प्रत्येक मुहूर्ताला सांगितलं."

बगळेराव समजुतीने म्हणाले, "बाई, त्या तक्रारी मागच्या मुहूर्तांवरच्या. मुहूर्त गेला की त्यावरची तक्रारही जाते. या मुहूर्तावर तुमची एकही तक्रार नाही."

"या मुहूर्ताला मला मौन होतं!"

"तेच म्हणतो मी."

महाराजांनी जांभई दिली. "गव्यांना पाणी मिळालं ना?"

"मिळालं, महाराज. योग्य बाजूने मिळालं. चारांतली तीन अंडीसुद्धा शाबूत आहेत. असं यश आठव्या हाळीच्या वेळीही आलं नव्हतं."

मग निकाल लागला. टिटवीबाईंना माफी मिळाली. शिवाय हुकूम निघाला की त्यांनी रोज पहाटे उतारावर उभं राहून असंच ओरडायचं. बगळेरावांनी दवंडी पिटवली की नवव्या हाळीत ऐन वळणावर सावध करण्याची खास सोय केली आहे. शेजारच्या जंगलात ती नव्हती. महाराजांना त्या रात्री शांत झोप लागली.

टिटवीबाई रोज ओरडू लागल्या. यथावकाश तिन्ही अंडी फुटली. पिल्लं वाळूत तुरुतुरु पळू लागली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आईला मोकळा श्वास घेता आला.

टिटवा म्हणाला, "आता पिल्लं आपली आपण पळतात. उद्यापासून नको जाऊस. चुकू देत गवे."

टिटवीबाई पंख सावरत उठल्या.

"जायलाच हवं," त्या म्हणाल्या. "आता गवे चुकले, तर ती चूक माझी धरतील."

तात्पर्य: दोष दाखवणारा भेटला, तर दोष दूर करत बसू नये. त्यालाच दोषाच्या जागी उभं करावं. दोष झाकला जातो, मुहूर्त टळत नाही, आणि पुढे काही बिघडलंच तर कोणाला धरायचं ते आधीच ठरलेलं असतं.